आधी माहाच गुण्या पाहू

काका, सादर नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. "पेपरात-बिपरात देऊ नका बाप्पा, पोरं हसतात," असं म्हणून तुम्ही लूनाचं पायडल मारलंत आणि गल्लीच्या तोंडाशी दिसेनासे झालात. मी मान हलवली होती. त्यातलं अर्धं पाळते आहे. नागपूरच्या लाकूडबाजारात, लकडगंजात, तुम्हाला ओळखणारे ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही.

हे पत्र पोळ्याच्या आधीच लिहायचं होतं. तेव्हा बसले की दोन ओळींत रडू यायचं, मग कागद ठेवून द्यायचे. आता दिवाळी होऊन गेली आहे. हात जरा स्थिर आहे, बघू.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तुम्ही सुतार, मी मात्र सुताराच्या घरातली नाही. एका खासगी कंपनीत हिशेब लिहायचे. २०२० साली कंपनीला कुलूप लागलं आणि पंचेचाळिशीच्या बाईला हिशेबाचं दुसरं काम कोणी देईना. मानेवाड्याला घरामागे पत्र्याचं शेड आहे, मे महिन्यात तिथे उभं राहिलं तर चपलेतून चटका बसतो. तिथे मी आधी पाट केले, मग एक देव्हारा, मग शेजारच्या मुलीसाठी अभ्यासाचं टेबल. ते टेबल पाहून दुसरं आलं, दुसऱ्यावरून चौथं. नागपुरात आता गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत, स्पर्धा परीक्षेची पोरं पहाटेपासून रात्रीपर्यंत तिथे बसलेली. अशाच एका अभ्यासिकेने मला दहा टेबलांची ऑर्डर दिली. प्रत्येकाला एक खण, कुलूप लागणारा.

खण हाच तो वैरी. टेबलाचा वरचा फळा थोडा तिरका कापला गेला तर कोणाच्या लक्षात येत नाही. खणाचं तसं नाही. त्याच्या चार भिंती एकमेकींना काटकोनात नसतील तर तो अर्ध्यावर जाऊन अडकतो, आणि ओढला की अख्खं टेबल घेऊन पुढे येतो. पहिली दोन टेबलं पोचवली आणि आठव्या दिवशी ती परत आली. मालक भला माणूस, ओरडला नाही. "मॅडम, पोरं खण उघडताना आवाज होतो, बाकीची पोरं चिडतात," एवढंच म्हणाला. मुदत वाढवून दिली.

माझं कापायचं टेबल तुम्ही पाहिलंत, पण वाचणाऱ्यांनी पाहिलेलं नाही. जुन्या घराचं एक फ्लश डोअर होतं, ते तिवईसारख्या दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलं. त्यावर एक अॅल्युमिनियमचा रूळ, एका बाजूने बिजागरीवर, उचलायचा, खाली प्लाय सरकवायचा, परत टेकवायचा आणि त्यावरून कटर पळवायचा. प्लाय ज्या पट्टीला टेकवायचा ती आडपट्टी. रूळ आणि आडपट्टी यांच्यात काटकोन असला की काम झालं. ऐकायला इतकं सोपं, आणि मी यात दोन महिने आणि प्लायची तीन शीटं घातली. आठ बाय चारची शीट फुकट जाते तेव्हा काय वाटतं हे ज्याने स्वतःच्या पैशाने आणली आहे त्यालाच विचारा.

तुमच्या आधी तिघे येऊन गेले. त्यांची नावं मी लिहिणार नाही, तुमच्या शब्दासाठी.

पहिले, ज्यांच्याकडून कटर घेतला ते. त्यांनी दाराच्या कडेला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची दोन अंगांची पट्टी, लावला, रुळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मशीन एकदम ओके आहे ताई. हात हलतो तुमचा. मिस्टरांना चालवायला सांगा." आमचे मिस्टर खिळा ठोकताना अंगठा ठोकतात, पण ते असो. दुसरा मेकॅनिक, भेटीचे पैसे आधी घेणारा. त्याने स्वतःचा गुण्या रूळ आणि आडपट्टीच्या मध्ये ठेवला, डावीकडे फरक आहे म्हणाला, दोन स्क्रू ढिले केले, दोन घट्ट केले, गेला. त्यानंतर खण पूर्वीपेक्षा जास्त अडकू लागले. तिसरे एक फर्निचरवाले ठेकेदार, नात्यातल्या ओळखीचे. त्यांच्या गुण्याने फरक उजवीकडे दाखवला. मी म्हटलं, मागच्याने डावीकडे सांगितला होता. ते हसले. "लाकडात एवढं चालतंच ओ. पुट्टी मारा, वरून सनमाईका लावा, कोणाच्या बापाला दिसत नाही."

म्हणजे एकाच टेबलावर तीन गुण्ये, आणि तिघेही गुण्यागोविंदाने नांदायला तयार नाहीत. आणि तिघांपैकी एकालाही असं वाटलं नाही की वाकडा आपलाही असू शकतो. वाकडं कोण, तर टेबल, नाहीतर मी.

आपल्या शहराला सागवानाचा केवढा अभिमान! दिल्लीच्या नव्या संसद भवनात नागपूरचं सागवान आहे, अयोध्येच्या मंदिराला २०२३ मध्ये बल्लारपूरहून सागवान गेलं, हे आपण पाहुण्यांना तर्री पोहे खाऊ घालता घालता सांगतो. आणि या शहरात एका बाईचा खण का अडकतो हे गुडघ्यावर बसून बघणारा माणूस मला दोन महिने सापडला नाही. रागाने लिहिते आहे. राहू द्या तसंच.

तुम्ही भेटलात ते तर चुकूनच. लकडगंजात सागाच्या पट्ट्या घ्यायला गेले होते. दुकानदाराशी बोलताना माझा आवाज जरा चढला असेल. तुम्ही कोपऱ्यात बसून बीडिंगच्या पट्ट्या निवडत होतात. मान वर न करता विचारलंत, "खण आत जाताना कोण्या बाजूनं घासते, डाव्या का उजव्या? का दोन्ही?"

मला उत्तर देता आलं नाही. मी ते पाहिलंच नव्हतं. आणि दोन महिन्यांत कोणी मला प्रश्न विचारण्याची ती पहिली वेळ होती, बाकी सगळ्यांनी उत्तरंच दिली होती.

रविवारी सकाळी तुम्ही आलात. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यातून गुण्याचं टोक बाहेर आलेलं. परत आलेली दोन टेबलं भिंतीशी उभी होती, त्यांच्यावर मी चादर टाकली होती, लाज वाटत होती म्हणून. तुम्ही चादरीकडे पाहिलंत आणि उचलली नाहीत. मी म्हटलं, हे बघा काका, हा रूळ, ही आडपट्टी, इथे गुण्या लावून बघा. तुम्ही म्हणालात:

"थांबा बाई. आधी माहाच गुण्या पाहू."

त्या क्षणाबद्दलच मला लिहायचं आहे. बाकी सगळं त्याच्या मागून आलं.

तुम्ही प्लायचा एक तुकडा मागितलात. त्याची कड डोळ्याजवळ धरून, एक डोळा मिटून, सरळ आहे का पाहिलंत. पहिला तुकडा बाजूला ठेवलात, दुसराही. तिसऱ्याची कड पसंत पडली. गुण्याचं एक अंग त्या कडेला टेकवून दुसऱ्या अंगाने बारीक पेन्सिलीची रेघ मारलीत. मग गुण्या उलटा केलात, पालथा घालून, त्याच कडेला, त्याच बिंदूपासून दुसरी रेघ. गुण्या खरा असता तर दोन्ही रेघा एकावर एक पडल्या असत्या. त्या खाली एकत्र होत्या आणि वर गेल्यावर केसभर फाकल्या होत्या.

तुम्ही मला बोलावून दाखवलंत. ही गोष्ट लपवता आली असती. मला त्यातलं काही कळत नव्हतं. तुम्ही माझ्या हातात पेन्सिल दिलीत आणि म्हणालात, "पाहा, माहा गुण्या वाकडा आहे. मागच्या हप्त्यात पोरानं पाडला व्हता. जेवढं हे फाकलेलं दिसते, त्याच्या निम्मी चूक याची."

निम्मी का, तर उलटा केल्यावर तीच चूक दुसऱ्या बाजूला पडते, म्हणून डोळ्याला दुप्पट दिसते. हिशेबाच्या बाईला हे लगेच पटलं. पण काका, मला हिशेबापेक्षा तुमचा चेहरा आठवतो. त्यावर लाज नव्हती, "अरेरे" नव्हतं. भाजीत मीठ कमी आहे हे कळल्यावर माणूस मीठ घालतो, तसं तुम्ही पिशवीतून पंच, म्हणजे ठोकायची टोकदार लोखंडी खुंटी, काढलात, माझ्याकडच्या लोखंडी ठोकळ्यावर गुण्या ठेवलात, कोपऱ्याजवळ हलकेच दोन ठोके दिलेत. परत रेघ, परत उलटी रेघ. अजून एक ठोका. चौथ्या वेळी रेघ एकच दिसली. मग म्हणालात, "आता तुमच्या टेबलाले बोलाचा मले हक्क आहे."

मी त्यावेळी चहा आणते म्हणून आत गेले आणि ओट्याजवळ नुसतीच उभी राहिले. सासूबाईंनी विचारलं काय झालं. काही नाही म्हटलं.

त्यापुढचं थोडक्यात सांगते, कारण करायचं कसं ते शिकवायला मी बसलेले नाही, आणि तुमच्याइतकं मला सांगताही यायचं नाही. तुम्ही टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलंत आणि विचारलंत, "हे दार पावसाळ्यात अडकत व्हतं का?" मी चक्रावले. होय, अडकायचं. जुन्या घरी सासरेबुवांनी त्याच्या एका अंगाला रंधा मारून घेतला होता, वरच्या टोकाला जास्त, खाली कमी. त्याला वीस वर्षं तरी झाली. दोन महिने मी आणि ते तिघे त्या घासलेल्या कडेला देव मानून तिच्यावरून मापं घेत होतो. "कडेले काय इचारता? पातं जिथून जाते त्या रेघेले इचारा ना."

या गावात झिरो माइलचा खांब आहे. लहानपणी सहलीला नेलं होतं, घोड्यांचे पुतळे पाहून आम्ही परत आलो होतो. मोजायला लागण्याआधी कुठून मोजायचं ते ठरवावं लागतं, हे त्या दगडाने मला सांगितलं नाही, तुम्ही सांगितलंत.

मग कटरचं पातं जेमतेम दोन मिलिमीटर खाली सोडून दारावरच एक उथळ खाच पाडलीत. रूळ कुठे आहे ते सोडा, पातं प्रत्यक्षात कुठून जातं ते ही खाच. त्या खाचेत स्टीलची पट्टी उभी धरून, तिच्यावरून गुण्या, गुण्यावरून आडपट्टी. आडपट्टीचं एक टोक एका स्क्रूवर फिरतं ठेवलंत, दुसऱ्या टोकाला भोक मोठं करून ते सरकतं केलंत. मला वाटलं झालं. तुम्ही म्हणालात, गुण्यानं लावलं, पण गुण्यावर सोडाचं नाही, लाकडाले बोलू द्या.

प्लायचा चौकोनी तुकडा घेतला. एक कड कापायची, मग कापलेली कड आडपट्टीला टेकवून पुढची, अशा चारी बाजू फिरवत. पाचवा काप परत पहिल्या बाजूला, आणि या वेळी निघालेली पट्टी फेकायची नाही. चार वेळा फिरवल्याने चूक चौपट होऊन त्या पट्टीत उतरते, अर्ध्या मिलिमीटरला जी लपायला जागा मिळते ती दोन मिलिमीटरला मिळत नाही. तुम्ही पट्टीच्या दोन टोकांवरून अंगठा फिरवून म्हणालात, या टोकाले जाड आहे. मी बारीक माप घ्यायचा व्हर्नियर लावला. एका टोकाला २२ मिलिमीटर, दुसऱ्याला २६.४. फरक ४.४, चार कापांचा, म्हणजे कापामागे १.१. पट्टी ५५० मिलिमीटर लांब, म्हणजे मीटरमागे २ मिलिमीटर. आडपट्टी स्क्रूपासून सरकत्या टोकापर्यंत बरोबर एक मीटर. सरकवायची किती, तर २ मिलिमीटर.

हे मी तुमच्यापुढे कागदावर काढलं तेव्हा तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून तो कागद पाहिलात. "मी हे चाळीस वर्षं आंगठ्यानं करून राह्यलो," म्हणालात, आणि तो कागद घडी करून खिशात ठेवलात. माझा कागद! अजून तुमच्याकडे आहे का?

पण गुण्याने इतकं नीट लावूनही दोन मिलिमीटर कुठून आले, असं मी विचारलं. तुम्ही स्टीलची पट्टी खाचेत परत उभी केलीत आणि बोटाने हलवून दाखवलीत. खाच पट्टीपेक्षा रुंद, पट्टी आत तिरपी बसली होती. "माहीच चूक," म्हणालात. एका सकाळी दुसऱ्यांदा.

दुसऱ्या वेळी पट्टीच्या दोन टोकांत ०.६ चा फरक आला. म्हणजे आता सरकवायचं ते जेमतेम पाव मिलिमीटर, तेवढं हाताने सरकवता येत नाही, सरकवायला गेलं की अर्धा जातो. तुम्ही इकडेतिकडे पाहिलंत आणि शेल्फवरची भाचीची लग्नपत्रिका उचललीत. तिचा एक तुकडा कापून आडपट्टीच्या सरकत्या टोकामागे घातलात. तिसऱ्या वेळी फरक ०.१, चार कापांचा मिळून. आडपट्टीच्या मागे अजून तो तुकडा आहे, त्यावर "स्नेहभोजन" एवढंच वाचता येतं.

जेवायला थांबा म्हटलं तर थांबला नाहीत, पण वडाभात डब्यात घेतलात. पैसे विचारले तेव्हा पाचशे म्हणालात. मी दिले, तुम्ही मोजले, खिशात टाकले. हेही मला फार आवडलं. फुकट केलं असतंत तर मी जन्मभर भिडेखाली राहिले असते आणि पुन्हा फोन करताना दहादा विचार केला असता. केलेल्या कामाचा दाम मागायचा आणि न केलेल्याचा मागायचा नाही, यात कुठे अवघड काय आहे कळत नाही, तरी त्या मेकॅनिकला जमलं नाही.

जाता जाता तुम्ही त्या तिघांबद्दल बोललात. मी शिव्याच घालत होते. तुम्ही म्हणालात, "त्यायचा गुण्या त्यायले सरळच वाटला असन. वाकडा वाटला असता तर त्यायनं बी ठोकला असता." मला इतकं मोठं मन नाही, काका. ठेकेदाराचं ते "कोणाच्या बापाला दिसत नाही" मी विसरणार नाही. अभ्यासिकेतल्या पोराला दिसतं. रोज पहाटे पाचला तो खण उघडतो.

पण तुम्ही गेल्यापासून मला अशी माणसं जरा जास्त दिसू लागली आहेत. कॉटन मार्केटात एक भाजीवाली आहे, तोलायच्या आधी रिकामा तराजू उचलून दाखवते, दोन्ही पारडी सारखी. मी इतकी वर्षं तिच्याकडून सांबार, म्हणजे कोथिंबीर, घेते, आणि ती हे का करते ते मला आत्ता उमगलं. आमच्या जुन्या ऑफिसात एक हेडक्लार्क होते. रोकड जुळली नाही की सगळे कॅशिअरकडे बघायचे, ते आधी स्वतःचीच बेरीज खालून वर करायचे. आम्ही त्यांना मागून हसायचो. माफ करा म्हणायला ते आता नाहीत. मुलाला ताप होता तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, मला हे कळत नाही, मोठ्या दवाखान्यात न्या, माझी फी नको. तेव्हा मी घरी येऊन म्हटलं होतं, कसला हा डॉक्टर! अशा माणसांची मोजदाद कोणी ठेवत नाही. तीन वाकडे गुण्ये मात्र माझ्या तोंडपाठ.

दहाच्या दहा टेबलं दसऱ्याच्या आधी पोचली. परत आलेल्या दोनांचे खण नव्याने केले. आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आता देते: ते जुने खण उजव्या बाजूने घासत होते, मागच्या टोकाला. चादर काढून पाहिलं. प्लायवर घासल्याची चकाकी होती, दोन महिने माझ्या डोळ्यांपुढे.

तान्ह्या पोळ्याला तुमच्या हातचे लाकडी बैल तुमच्या गल्लीत पाहिले. दुरून पाहिले, गर्दी होती. तुम्ही एक एक बैल काचेच्या तुकड्यावर उभा करून चारही पाय टेकतात का ते बघत होतात, आणि एक पोरगा त्यासाठी रडत होता की दे ना आजोबा, दे ना. तुम्ही दिला नाहीत. मागचा पाय घासून, परत काचेवर ठेवून मगच दिलात. हाक मारावीशी वाटली, मारली नाही.

तुम्ही सांगितलं होतं, दिवाळीनंतर हवा कोरडी होते, दार परत हलेल, तेव्हा एकदा फिरवून काप घ्या. परवा घेतला. पट्टीत ०.८ आले. पहिल्यांदा टेबलावरच संशय आला, खरं सांगते. स्क्रू ढिला करायला हातही गेला. मग प्लायची सरळ कड शोधली, माझा गुण्या घेतला, रेघ मारली, उलटा केला, परत रेघ मारली. वर केसभर फाकलेली आहे. माझाच पडला होता बहुतेक, मांजरीने.

पंच आणून ठेवला आहे. माझा गुण्या मिटला आहे, काटकोनापेक्षा कमी. म्हणजे उघडायला आतल्या कोपऱ्याजवळ ठोकायचं आणि जास्त उघडला असता तर बाहेरच्या, असंच ना? रविवारी फोन करते. त्याआधी हात लावत नाही.

तुमची,
मानेवाड्याची, पत्र्याच्या शेडवाली